टेलेमानचा रतीब

पुष्कळ लिहिणाऱ्या माणसाकडे आपण जरा संशयानेच पाहतो. पाच वर्षांतून एकदा अकरा ओळींची कविता छापणाऱ्या कवीचे नाव निघाले, की बैठकीतले आवाज आपोआप खाली येतात. पण दर दिवाळीला सहा अंकांत सहा कथा देणारा लेखक असला, की 'रतीब घालतो हो!' असे म्हणून आपण पान उलटतो. दूधवाल्याने घातला तर तो रतीब चालतो, नव्हे, नाही घातला तर घरात रणकंदन माजते. लेखकाने घातला की त्याच शब्दाची शिवी होते. उद्या दूधवाला दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, सध्या आतून काही येत नाही; आलं की आणीन," तर त्याला कोणी थोर दूधवाला म्हणेल काय?

पाश्चात्त्य संगीतात या शिवीचा सर्वांत मोठा धनी म्हणजे गेओर्ग फिलिप टेलेमान. जन्म १६८१, माग्देबुर्ग. मृत्यू १७६७, हॅम्बर्ग. आयुष्य शहाऐंशी वर्षांचे आणि रचना तीन हजारांच्या वर. बाराव्या वर्षापासून हिशेब धरला तर दर आठ-नऊ दिवसांनी एक नवी रचना. ही सरासरी ऐकल्यावरच जाणकारांचा चेहरा पडतो. ऐकायची गरज उरत नाही.

आमचे एक स्नेही आहेत. पाश्चात्त्य संगीतातले दर्दी. त्यांच्या दिवाणखान्यात बाखचा छोटा अर्धपुतळा आहे आणि त्याच्यासमोर चहासुद्धा आवाज न करता प्यावा लागतो. त्यांच्यापुढे मी एकदा टेलेमानचे नाव काढले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले,

"अहो, बाख म्हणजे देऊळ. टेलेमान म्हणजे मंगल कार्यालय!"

वाक्य झकास होते. असे वाक्य सुचले की माणसाला पुढे विचार करावा लागत नाही. पण मी घरी येईपर्यंत विचार करत राहिलो, की बुवा, मंगल कार्यालयात वाईट काय आहे? आपली लग्ने तिथेच झाली. शिवाय जेवण देवळापेक्षा तिथे चांगले मिळते. आणि गंमत अशी, की टेलेमानच्या सर्वांत गाजलेल्या संग्रहाचे नावच मुळी 'म्यूझीक द ताब्ल', म्हणजे सरळ मराठीत सांगायचे तर 'पंगतीचे संगीत'. तो १७३३ साली निघाला. आगाऊ पैसे भरून दोनशेहून अधिक लोकांनी तो घेतला, आणि त्या ग्राहकांच्या यादीत लंडनचे एक गृहस्थ आहेत, हँडेल म्हणून. हो, तेच ते. त्यांनी नुसता संग्रह घेतला नाही, त्यातल्या कल्पना पुढे स्वतःच्या रचनांत बिनदिक्कत वापरल्यासुद्धा. मंगल कार्यालयात जेवायला आलेल्या पाहुण्याने घरी जाऊन तीच आमटी आपल्या नावावर वाढावी, तसला प्रकार. आमटी टाकाऊ असती तर तो एवढ्या खटपटीत कशाला पडला असता?

आता ते प्रसिद्ध प्रकरण सांगतो. १७२२ साली लाइप्झिगच्या सेंट थॉमस चर्चचा कँटर कुनाऊ वारला. कँटर म्हणजे शाळेत मुलांना गाणे शिकवायचे आणि शहरातल्या चर्चमधले संगीत सांभाळायचे. जागा मानाची, कटकटीची आणि नगरसभेच्या ताब्यातली; तिन्ही गोष्टी एका जागेत कशा नांदतात हे ज्याने कधी सरकारी नोकरी केली आहे त्याला सांगायला नको. नगरसभेने पहिल्यांदा टेलेमानला निवडले. त्याला लॅटिन शिकवायचे नव्हते, तर तीही अट सोडायला मंडळी तयार झाली. टेलेमान तेव्हा हॅम्बर्गला नोकरीत होता, जेमतेम वर्ष झाले होते. त्याने लाइप्झिगचे पत्र हॅम्बर्गच्या साहेबांपुढे ठेवले. हॅम्बर्गने पगार वाढवला. टेलेमान हॅम्बर्गलाच राहिला. अडीच-तीनशे वर्षांत माणसाने पुष्कळ शोध लावले असतील, पण पगारवाढीच्या बाबतीत याहून चांगला उपाय काही निघालेला नाही.

मग लाइप्झिगने ग्राउपनर नावाच्या दुसऱ्या संगीतकाराला बोलावले. त्याच्या धन्याने त्याला सोडले नाही. तेव्हा कुठे १७२३ साली ती जागा योहान सेबास्टिअन बाखला मिळाली. उत्तम माणसे मिळत नसतील तर मध्यम घ्यावी लागतील, अशा अर्थाचे बोलणे त्या वेळी नगरसभेत झाल्याची नोंद आहे. ही नोंद बाखभक्त दात-ओठ खात सांगतात आणि लाइप्झिगच्या नगरसेवकांना गाढव ठरवतात. मला मात्र त्या नगरसेवकांची कणव येते. अहो, त्यांनी त्या काळच्या जर्मनीतला सर्वांत नावाजलेला संगीतकार मागितला होता. भविष्यकाळ त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

आणि खुद्द बाखला याचे काही वाटत होते म्हणावे तर तेही नाही. १७१४ साली बाखला मुलगा झाला, त्याचा धर्मपिता टेलेमान. त्या मुलाच्या कार्ल फिलिप इमानुएल या नावातला फिलिप तो टेलेमानचाच. बाखने टेलेमानच्या रचना स्वतःच्या हाताने उतरवून घेतल्या. १७३८ साली टेलेमानची चौकडी-वादनाची पुस्तके पॅरिसला निघाली, त्यांच्या ग्राहकांत 'लाइप्झिगचे बाख' आहेत. म्हणजे देवळातल्या देवाला मंगल कार्यालय चालत होते. हरकत होती ती पुजाऱ्यांची.

ही हरकत कधी सुरू झाली? फार लवकर. टेलेमान जाऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १७७० साली, हॅम्बर्गमधल्याच एबेलिंग नावाच्या विद्वानाने लिहून टाकले, की एवढे अफाट लिहिणे त्याला इतके सोपे गेले नसते तर तो अधिक मोठा झाला असता. झाले! पुढची दीडशे वर्षे हे एक वाक्य विद्वान मंडळी एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत राहिली. एकोणिसाव्या शतकात बाख पुन्हा सापडला, त्याची मूर्ती बसली, आणि मूर्ती मोठी दिसायची तर शेजारी कोणीतरी बुटका उभा करावा लागतो. ती जागा टेलेमानला मिळाली. या जागेसाठी त्याने अर्ज केला नव्हता.

फिलिप श्पिट्टाने बाखचे ते थोरले चरित्र लिहिले (पहिला खंड १८७३, दुसरा १८८०). पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्बर्ट श्वाइट्झरने लिहिले. हो, तेच आफ्रिकेत इस्पितळ काढणारे, शांततेचे नोबेल मिळालेले डॉक्टर. दोघेही मोठे अभ्यासक, याबद्दल वाद नाही. दोघांनीही टेलेमानला खालच्या पाटावर बसवले. आणि दोघांनीही बाखच्या म्हणून ज्या रचना वाखाणल्या, त्यांतल्या काही टेलेमानच्या निघाल्या! बाखच्या सूचीत १४१, १६०, २१८ आणि २१९ या क्रमांकांवर जे कँटाटा, म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी गायच्या रचना, बसले आहेत, ते बाखचे नव्हेत, टेलेमानचे आहेत, हे आता पक्के झाले आहे.

मला सांगा, याला काय म्हणायचे? सासूने सुनेच्या हातच्या पुरणपोळीला नावे ठेवावीत, लेकीने पाठवलेल्या पोळ्यांची तोंड भरून स्तुती करावी, आणि मग डबा धुताना कळावे की दोन्ही पोळ्या सुनेनेच लाटल्या होत्या. मी हा किस्सा आमच्या स्नेह्यांना सांगितला. ते म्हणाले, "बाखचा प्रभाव असणार त्यावर." मी म्हटलं, "अहो, टेलेमान बाखपेक्षा चार वर्षांनी मोठा होता." ते म्हणाले, "चहा घेणार?"

ज्याला संगीत सोपे गेले म्हणतात, त्याला ते मिळाले कसे हेही बघा. वडील धर्मोपदेशक होते, ते पोर चार वर्षांचे असतानाच गेले. आईच्या मनात मुलाने काहीतरी पोटापाण्याचे शिकावे. बाराव्या वर्षी या बहाद्दराने आख्खा ऑपेरा लिहिला. आईने काय करावे? सगळी वाद्ये काढून घेतली आणि पोराला दूर गावी शाळेत पाठवले. तिथले गुरुजी विद्वान. त्यांच्या हाताखाली संगीताचे खूळ जाईल अशी तिची आशा. गुरुजी निघाले संगीतशास्त्राचे शौकीन! आईच्या नशिबाची अशी थट्टा आपल्याकडच्या नाटकांतसुद्धा होत नाही. १७०१ साली तो कायदा शिकायला लाइप्झिगला गेला. आईला दुःख नको म्हणून वाद्ये घरीच ठेवली. पण सामानात एक रचना राहून गेली, ती खोलीतल्या सोबत्याला सापडली, ती चर्चमध्ये गायली गेली, आणि महापौरांनी या विद्यार्थ्याला नियमित रचना करून देण्याचे काम दिले. कायदा तिथेच संपला. (वकिली सोडून कलेत शिरलेली माणसे आपल्याकडेही आहेत, पण त्यांची वकिली चालत नव्हती हा फरक.) पुढच्याच वर्षी त्याने विद्यार्थ्यांचे एक वादक-मंडळ काढले. तेच मंडळ १७२९ पासून बाख चालवत होता.

त्याचे संगीत नीट कळायचे असेल तर त्याच्या नोकऱ्या बघितल्या पाहिजेत. पोलंडच्या सरहद्दीकडे एका सरदाराच्या पदरी असताना त्याने तिथल्या खाणावळींतले पोलिश वादक ऐकले, बॅगपाइप फुंकणारे, व्हायोलिन घासणारे. दरबारी माणसाने कान झाकून घ्यावेत असला तो गोंगाट. याने कान टवकारले. आठ दिवस लक्ष देऊन ऐकले तर जन्माला पुरतील एवढ्या कल्पना मिळतात, असे त्याने पुढे लिहिले आहे. फ्रेंच थाट, इटालियन लय आणि हे पोलिश रांगडेपण त्याने एका भांड्यात शिजवले. हॅम्बर्गला तर पाच मोठ्या चर्चचे संगीत त्याच्याकडे. दर रविवारचे कँटाटे वेगळेच. ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची कथा सांगणारी 'पॅशन' दर वर्षी एक, अशी १७२२ पासून मरेपर्यंत सेहेचाळीस. शिवाय शहराच्या शिलेदारांची वार्षिक मेजवानी असे, तिचेही संगीत हाच करणार. वर ऑपेरा हाउस. वर शाळा. ही यादी वाचताना मला धाप लागते. 'एवढे का लिहिले?' असे त्याला विचारणे म्हणजे पोस्टमनला 'एवढी पत्रे का वाटता?' असे विचारण्यासारखे आहे.

पण एवढ्याने त्याचा बचाव होत नाही, हेही खरे. कामाचा बोजा होता म्हणून संगीत चांगले ठरत नाही. माझ्या मनाचे समाधान झाले ते वेगळ्याच ठिकाणी.

माझी भाची व्हायोलिन शिकते. पाश्चात्त्य पद्धतीचे, समोर कागद ठेवून. एकदा ती आणि तिची मैत्रीण टेलेमानचे कॅनॉनिक सोनाटा वाजवत होत्या. १७३८ साली निघालेल्या या सहा रचना. दोघींपुढे कागद एकच. पहिलीने सुरू करायचे, दुसरीने थोडे थांबून तेच पहिल्यापासून वाजवायचे, आणि शेवटपर्यंत असा पाठलाग. एकीने जे वाक्य आत्ता म्हटले ते दुसरी लगेच मागून म्हणते, आणि तोवर पहिली जे पुढचे बोलते ते या मागच्याला चपखल बसते. जिन्यात दोन शेजारणी एकाच वेळी बोलतात आणि तरी दोघींना सगळे कळते, तसे. मी आपला कोपऱ्यात खुर्ची टाकून, चेहरा गंभीर करून ऐकत होतो. मध्येच दोघी खुदकन हसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"अरे मामा, तिनं मला पकडलं!"

"कुठे?"

"तुला नाही कळणार. तू नुसता ऐकतोयस."

टेलेमानवर जी काही पाने मी आजवर वाचली, त्या सगळ्यांपेक्षा हे वाक्य मला अधिक पटले. हे संगीत खुर्चीत बसून डोळे मिटणाऱ्यासाठी लिहिलेलेच नाही. ते वाजवणाऱ्यासाठी लिहिलेले आहे. घरी, दोघा-तिघांनी, दिवसभराचे काम आटोपून. आपण ज्याला उथळ म्हणतो ते पुष्कळदा आपण बाहेर उभे असल्यामुळे उथळ दिसते. पत्त्यांचा डाव कठड्यावरून बघणाऱ्याला फार खोल वाटत नाही.

याचा पुरावा खुद्द त्यानेच ठेवला आहे. १७२८ साली त्याने एक संगीताचे नियतकालिक काढले, पंधरा दिवसांनी निघणारे, चार पानांचे. नुसते घरी वाजवायचे संगीत. आणि लबाड इतका, की सोनाटाचा पहिला भाग एका अंकात आणि पुढचा पुढच्या अंकात! 'क्रमशः'चा हा जनक. त्याच अंकांत दोन व्हायोलिनांसाठी त्याने एक 'गलिव्हर' लिहिला. स्विफ्टचे पुस्तक १७२६ चे, शाई वाळते न वाळते तोच. त्यात लिलिपुटच्या बुटक्यांचा नाच आहे, तो त्याने इतक्या बारीक मात्रांत लिहिला, की कागद शेपट्यांनी काळा झाला. ब्रॉब्डिंगनॅगच्या राक्षसांचा नाच प्रचंड लांब मात्रांत, पांढरी भोपळ्यांची रांग. ऐकायला दोन्ही नेहमीसारखेच! विनोद आहे तो कागदावर, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. समोर बसलेल्या रसिकाला त्यातले काहीही मिळत नाही. अशी रचना करणारा माणूस कोणाची मर्जी राखत होता, हे यावरून समजावे.

व्हिओलाचेही तसेच. व्हायोलिनपेक्षा जरा मोठे, चेलोपेक्षा पुष्कळ लहान. घरातला मधला भाऊ. थोरल्याचे कौतुक, धाकट्याचे लाड, आणि हा आपला मधे भरीला. टेलेमानने या मधल्या भावाला पुढे बोलावून त्याच्यासाठी जी मेजरमध्ये कंचेर्टो लिहिला. व्हिओलाचे जे सर्वांत जुने कंचेर्टो आज माहीत आहेत त्यांतला हा एक. सुरुवातीचा संथ भाग ऐका. कुठलीही कसरत नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदा 'तुमचं काय म्हणणं आहे?' असं विचारावं आणि त्याने थांबत थांबत सांगावं, असा तो भाग आहे. प्रत्येक वाद्याला मानवेल तेच त्याला द्यावे, म्हणजे वाजवणाराही खूश आणि आपणही, असे टेलेमानचे मत होते. स्वतः तो अनेक वाद्ये वाजवायचा, त्यामुळे कोणाला काय मानवते हे त्याला ठाऊक होते. बाख पुष्कळदा वाद्याला आणि गळ्याला तेच मानायला लावतो. त्याचा मोठेपणा तिथेच आहे, हेही कबूल.

आणि आता भक्तांसारखे बोलायचे नाही तर स्पष्टच सांगतो: टेलेमानचे सगळे चांगले नाही. काही ओव्हर्चर एकापाठोपाठ एक ऐकले तर तिसऱ्याला पहिल्याची चव येते, आणि पाचव्याला कसलीच येत नाही. काही ठिकाणी हात लिहितो आहे आणि माणूस दुसरीकडे बघतो आहे, असे साफ ऐकू येते. बाखच्या मॅथ्यू पॅशनशेजारी ठेवावे असे त्याचे काही मला सापडलेले नाही. पण शेजारी ठेवायचेच कशाला? दोन माणसांना एकाच फुटपट्टीवर उभे करण्याची ही हौस आपल्या मॅट्रिकच्या निकालापासूनची आहे.

हसतमुख लिहिणाऱ्याला दुःख नसते, असाही एक समज असतो. त्याची पहिली बायको १७११ साली बाळंतपणात गेली. दुसरे लग्न १७१४ साली, तो तेहेतीस वर्षांचा, ती सोळाची. नऊ मुले झाली. पुढे ती जुगारात बुडाली, पाच हजार थालरचे कर्ज झाले, त्याच्या वर्षाच्या मिळकतीहून जास्त, आणि १७३६ च्या सुमारास घर सोडून गेली. हॅम्बर्गच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला सावरले. टेलेमानने तीन आत्मचरित्रे लिहिली. तिने एकही लिहिले नाही, म्हणून मी न्याय करायला बसत नाही. सांगायचे एवढेच, की १७३७ साली याच माणसाने एका मेलेल्या कॅनरी पक्ष्यासाठी शोकगीतांचा कँटाटा लिहिला. ऐकताना हसायचे की गप्प बसायचे ते कळत नाही. गवई पाखरू गेले म्हणून एवढा थोरला आकांत, म्हणजे थट्टा तर खरीच. पण मधल्या संथ जागा थट्टेच्या हिशेबात बसत नाहीत.

साठीच्या आसपास त्याने आपल्या पुस्तकांच्या कोरलेल्या छपाईच्या पाट्या विकायला काढल्या (ही कोरणावळसुद्धा तो पुष्कळदा स्वतःच करायचा), आणि बागकामात रमला. लंडनहून हँडेल त्याला दुर्मिळ झाडांची रोपे पाठवायचा. १७५४ साली हँडेलच्या कानावर आले की टेलेमान गेला. मग एका जहाजाच्या कप्तानाकडून कळले की छे, ठणठणीत आहे, तेव्हा त्याने आनंदाने पत्र लिहिले आणि रोपांची पेटी रवाना केली. माझ्या परिचयात साहित्यिक बरेच आहेत. एकमेकांना झाडे पाठवणारे दोन अजून बघायचे आहेत.

सत्तरी ओलांडल्यावर या गृहस्थाने पुन्हा उचल खाल्ली. १७५५ साली लिस्बनला भूकंप झाला, सगळा युरोप हादरला. पुढच्या वर्षी त्याने 'डोनरोडे', म्हणजे मेघगर्जनेचे स्तोत्र, रचले. त्यात दोन जाड्या आवाजांचे पुरुष नगाऱ्यांच्या साथीने जे गातात, ते ऐकल्यावर 'पंगतीचे संगीत' म्हणायची छाती होत नाही. डोळे अधू झाले होते. १७६२ च्या एका हस्तलिखितावर त्याने गमतीच्या ओळी लिहून शाई, लेखणी, अंधारी हवा आणि मिणमिणता दिवा या सर्वांबद्दल तक्रार केली आणि रागावू नका म्हणून विनवले. आणि १७६५ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, 'इनो'. वेड लागलेल्या नवऱ्यापासून पळत लेकराला घेऊन कड्यावरून समुद्रात उडी घेणारी ती आई, एकटी एक बाई गाते, आणि वाद्ये तिच्यामागे धावत सुटतात. हे संगीत बाखच्या काळातले वाटतच नाही. तेव्हा नऊ वर्षांचा असलेल्या मोझार्टच्या काळातले वाटते. उत्कटतेची फार वाट बघणाऱ्या कवींनी ही तारीख वहीत टिपून ठेवावी.

त्याचा रतीब अजून चालूच आहे म्हणा. १७३५ साली छापलेल्या, व्हिओला दा गांबासाठीच्या बारा एकल फॅन्टसी हरवल्या म्हणून सगळ्यांनी सोडून दिल्या होत्या. त्या २०१५ साली एका जुन्या खासगी संग्रहात सापडल्या आणि आता लोक वाजवतात. मी आमच्या स्नेह्यांना त्या मोबाइलवर ऐकवल्या, कोणाच्या ते न सांगता. त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या फॅन्टसीला मान डोलली. मी नाव सांगितले नाही. अर्धपुतळा समोर होता.

टेलेमान गेला जून १७६७ मध्ये. काही महिने नातवाने काम सांभाळले. मग हॅम्बर्गने त्याच्या जागेवर नवा माणूस शोधला, आणि १७६८ साली तो रुजू झाला: कार्ल फिलिप इमानुएल बाख, टेलेमानचा धर्मपुत्र. पाच चर्च, शाळा आणि दर वर्षी एक पॅशन.